समुद्रावरचे भाडे कोण भरतो?

श्रोतेहो, आजचा विषय समुद्राचा आहे, आणि तो सांगायचा आहे कोरेगाव भीमासारख्या गावाला धरून. हे ऐकून कुणी हसेल. कोरेगावहून समुद्र घाटापलीकडे राहिला. भीमा तर त्याच्याकडे पाठ करूनच वाहते. दौंड, पंढरपूर करीत ती रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी पूर्वेच्या समुद्राला जाते. कोरेगावचे नाव निघाले की १ जानेवारी १८१८ ची लढाई आणि तिथला जयस्तंभ आठवतो, आगबोट कुणाला आठवत नाही.

पण पुणे-नगर रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहून बघा. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव ह्या बाजूच्या कारखान्यांतला माल मोठमोठ्या लोखंडी पेट्यांत बंद होऊन जाताना दिसेल. ह्या पेट्यांना आपण कंटेनर म्हणतो. पाणी पूर्वेला जाते, पेट्या पश्चिमेला जातात. सुमारे दीडशे किलोमीटरवर न्हावा शेवाचे बंदर आहे. २६ मे १९८९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. तिथे पेटी जहाजावर चढते आणि मग ती आखातात जाईल, चीनला जाईल, नाहीतर युरोपात जाईल.

त्या पेटीचे जहाजभाडे मालाच्या किमतीत मिसळलेले असते. भाडे वाढले की घेणाऱ्याला माल महाग पडतो, नाहीतर पाठवणाऱ्याच्या पदरात कमी पडते. म्हणून भाडे कमी असावे असे कुणालाही वाटेल. पण बाजारात एखादा माल फारच स्वस्त मिळाला, तर शहाणा शेतकरी विचारतो, "हे परवडतं कसं?" समुद्रावरच्या भाड्याबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा. युरोपातल्या राष्ट्रांनी अलीकडे जहाजधंद्याचे जे कायदे केले, त्यांच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. आणि त्याचा पहिला धडा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या माणसांनी फार पूर्वी, पदरचे पैसे घालवून शिकलेला आहे.

घाटावरच्या मुलखाचा समुद्राशी संबंध काही आजचा नव्हे. सातवाहनांच्या काळी जुन्नरचा माल नाणेघाटाने उतरून कल्याण आणि सोपारा ह्या बंदरांना जाई. भीमेच्या खोऱ्याचाच हा वरचा भाग. नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात. जकात होती, पण ती मुलखाच्या राजाची होती.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि समुद्रावरच नाकी बसली. त्यांचा परवाना, म्हणजे कार्ताझ, घेतल्याशिवाय हिंदी गलबताने दर्यात जायचे नाही, असा त्यांनी दंडक घातला. परवाना नसला तर गलबत जप्त. समुद्र कुणा एकाच्या मालकीचा नाही हे खरे, पण ज्याच्याजवळ तोफा त्याचे नियम. म्हणून शिवाजी महाराजांनी आरमार उभारले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी, किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आपले दस्तक घेतले पाहिजे, असे बजावले. परवान्याला त्यांनी परवान्याने उत्तर दिले.

एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. आता तोफेची गरज उरली नाही. तिचे काम हिशेबाच्या वहीने होऊ लागले. १८७५ साली कलकत्ता आणि विलायत ह्यांमध्ये बोटी चालवणाऱ्या इंग्रज कंपन्यांनी एकत्र बसून भाडे ठरवून टाकले. अशा जुटीला 'कॉन्फरन्स' म्हणत. एकमेकांत स्पर्धा करायची नाही, आणि बाहेरचा कुणी आला तर सगळ्यांनी मिळून त्याला उठवायचा, अशी ही युक्ती होती.

उठवायचा कसा, ते ऐकण्यासारखे आहे. व्यापाऱ्याकडून पुरते भाडे घ्यायचे आणि सांगायचे, "ह्यातला काही भाग आम्ही तुला परत देऊ, पण आज नाही, काही महिन्यांनी. आणि तोही केव्हा? मधल्या काळात तू दुसऱ्या कुणाच्या बोटीतून एक गोणीही पाठवली नाहीस तर." झाले! व्यापाऱ्याचे पैसे कंपनीकडे अडकलेले, मग तो नव्या बोटीकडे वळेल कशाला? दावणीला बांधलेले जनावर कितीही ताणले तरी दाव्याच्या लांबीइतकेच फिरते, तशी व्यापाऱ्याची गत झाली. ह्या पद्धतीला लांबणीवरची सूट म्हणता येईल.

१८९३ साली जमशेटजी टाटांनी एका जपानी कंपनीच्या साह्याने मुंबईचा कापूस आणि सूत पूर्वेकडे नेण्यासाठी बोटी सुरू केल्या. तेव्हा जुन्या बलाढ्य कंपनीने आपले दर एकदम पाडले. टाटांना आपली लाइन आवरती घ्यावी लागली. १९०६ साली तमिळनाडूत चिदंबरम पिळ्ळे ह्यांनी तुतिकोरिन ते कोलंबो स्वदेशी बोटी चालवल्या. त्यांच्याविरुद्ध इंग्रज कंपनीची मजल उतारूंना फुकट नेण्यापर्यंत गेली. १९०८ साली पिळ्ळे तुरुंगात गेले आणि १९११ साली त्यांची कंपनी मोडीत निघाली. फुकट प्रवास केलेल्या उतारूला त्या दिवशी आनंदच झाला असेल. पण स्पर्धक मेला की भाडे ठरवणारा एकटाच उरतो. खोट्या स्वस्ताईचा हा पहिला प्रकार झाला.

तरीही धीर न सोडणारी माणसे निघाली. भीमेच्याच खोऱ्यातल्या सोलापूरचे वालचंद हिराचंद हे त्यांपैकी एक. त्यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांबरोबर १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेतली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे. इंग्रज कंपन्यांनी पुन्हा तेच शस्त्र काढले. रंगूनहून मुंबईला येणाऱ्या तांदळाचे भाडे त्यांनी एकाएकी खाली आणले. सिंदिया बुडाली नाही, पण १९२३ साली तिला दहा वर्षांचा करार करावा लागला. ठरलेल्या मर्यादेबाहेर जहाजे वाढवायची नाहीत आणि किनारा सोडून परदेशचा धंदा करायचा नाही, ह्या अटी त्यात होत्या. जिच्या पहिल्या बोटीने लंडन गाठले, तिला आता किनारा धरून राहणे आले.

ह्या अन्यायाची दाद मध्यवर्ती कायदेमंडळात मागण्यात आली. सिंदियाचे साराभाई नेमचंद हाजी ह्यांनी १९२८ साली, किनाऱ्यावरचा धंदा हिंदी जहाजांना राखून ठेवावा, असे विधेयक आणले. लांबणीवरची सूट बंद करण्याचे विधेयकही त्यांनी मांडले. परकी राज्यात त्यांचे कायदे झाले नाहीत. किनारा राखला गेला तो स्वातंत्र्यानंतर. पुढे मे २०१८ मध्ये आयात-निर्यातीच्या कंटेनरांपुरती ती अट सैल करण्यात आली.

आता गंमत पाहा. ज्या युरोपात ही जूट जन्मली, त्याच युरोपाला पुढे तिचा काच जाणवला. १९८६ साली युरोपीय समुदायाने जहाज कंपन्यांच्या कॉन्फरन्सना स्पर्धेच्या कायद्यातून खास सवलत दिली होती. जूट नसली तर बोटी वेळेवर सुटणार नाहीत, असे तेव्हा सांगितले जाई. पण तिथल्याच कारखानदारांनी आणि व्यापाऱ्यांनी तक्रारी केल्या. अखेर ऑक्टोबर २००८ पासून ती सवलत रद्द झाली, आणि एकत्र बसून भाडे ठरवणे युरोपच्या वाटांवर बेकायदा ठरले. जहाजातली जागा वाटून घेण्यापुरती जी सूट शिल्लक होती, तीही २५ एप्रिल २०२४ रोजी संपली. हाजींनी जे गाऱ्हाणे मांडले, त्याच जातीचे गाऱ्हाणे युरोपात मान्य व्हायला ऐंशी वर्षे लागली!

खोट्या स्वस्ताईचा दुसरा प्रकार ह्याहून फसवा आहे. त्यात कुणी स्पर्धक मरत नाही. मरतात ते मासे, आणि बसतो तो कोळ्याचा धंदा.

१९६७ साली 'टोरी कॅन्यन' नावाचे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी खडकावर आदळले आणि लाखाहून अधिक टन तेल समुद्रात गेले. १९९९ च्या डिसेंबरात 'एरिका' हे जवळजवळ पंचवीस वर्षांचे जुने जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यासमोर वादळात दुभंगले. २००२ साली स्पेनजवळ 'प्रेस्टिज' फुटले. जुनी जहाजे भाड्याला स्वस्त पडतात. पण ती फुटली की किनारा धुण्याचा खर्च मालकाच्या हिशेबात नसतो. तो कोळी भरतो, किनाऱ्यावरचा दुकानदार भरतो, सरकार भरते. 'एरिका'च्या अपघातानंतर युरोपने सागरी सुरक्षिततेसाठी स्वतंत्र संस्था काढली, आणि 'प्रेस्टिज'नंतर एकेरी कवचाच्या तेलवाहू जहाजांना आपली बंदरे लवकर बंद केली.

आपल्यालाही ह्याची झळ लागली आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' ह्या जहाजांची टक्कर झाली. चित्रावरचे कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले, तेल सांडले आणि ते रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोचले. ऐन नारळी पौर्णिमेच्या सुमाराला लोक मासळी घ्यायला भ्याले. त्या कंटेनरांतल्या मालाशी कोळ्यांचा काय संबंध होता? भाडे कुणी ठरवले, आणि भरपाई कुणाच्या माथी आली?

सांडलेले तेल निदान डोळ्यांना दिसते. धुराड्यातून जाणारा धूर वाऱ्यावर उडून जातो. मोठी जहाजे जाड, गंधकयुक्त तेल जाळीत, कारण ते स्वस्त. १ जानेवारी २०२० पासून आंतरराष्ट्रीय नियमाने त्या तेलातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. त्यापुढे युरोपीय संघाने कार्बनच्या धुरालाही किंमत लावली आहे. पाच हजार टनांहून मोठ्या जहाजांना २०२४ पासून आपल्या धुराचे परवाने विकत घ्यावे लागतात.

शिक्षकबंधूंना वर्गात मांडता येईल असे गणित सांगतो. समजा, एक जहाज न्हावा शेवाहून निघाले आणि युरोपातल्या बंदराला पोचेपर्यंत त्याने हजार टन कार्बन वायू सोडला. प्रवासाचे एक टोक युरोपाबाहेर आहे, म्हणून निम्मा, म्हणजे पाचशे टन, हिशेबात येतो. २०२४ सालच्या धुरापैकी ४० टक्क्यांचे परवाने घ्यायचे, म्हणजे दोनशे टनांचे. २०२५ सालासाठी ७० टक्के, म्हणजे साडेतीनशे. २०२६ सालापासून पुरते पाचशे. ह्याखेरीज २०२५ पासून इंधनाचाही नियम आहे. जहाजात जाळायच्या इंधनाचे कार्बनमान २०२० च्या तुलनेने प्रथम २ टक्क्यांनी आणि वाढवत वाढवत २०५० पर्यंत ८० टक्क्यांनी उतरले पाहिजे.

उद्देश चांगला आहे. तापत्या हवेचा ताप पावसाच्या भरवशावर शेती करणाऱ्याला आधी होतो, तेव्हा ह्या नियमांना आपण नावे ठेवण्याचे कारण नाही. पण हिशेब मात्र विचारावा. जहाज कंपन्या हा खर्च जादा आकार म्हणून पेटीवर लावतात. म्हणजे रांजणगावच्या कारखान्याच्या मालावर, तसाच युरोपला जाणाऱ्या द्राक्षांवरही, तो बसतो. परवान्यांचा पैसा मात्र युरोपच्या तिजोरीत जातो. सगळ्या जगाचा समुद्र आणि सगळ्या जगाची हवा, तर नियमही सगळ्या जगाने मिळून करावा आणि जमलेल्या पैशातला वाटा गरीब देशांच्या बंदरांना, जहाजांना मिळावा, ही मागणी रास्त आहे. लंडनच्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेत असा जागतिक नियम करण्याचा घाट घातला होता, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये राष्ट्रांचे एकमत झाले नाही आणि निर्णय वर्षभर पुढे गेला.

अशा बैठकीत शब्दाला वजन यायचे तर पदरी जहाजे हवीत. १९८७-८८ साली भारताच्या परदेशी व्यापारातला सुमारे ४० टक्के माल भारतीय जहाजांतून जाई. २०१८-१९ पर्यंत हे प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आले. सिंदिया कंपनीही पुढे बंद पडली. बाकीचे भाडे आपण परक्या जहाजांना देतो. लाल समुद्रात २०२३ अखेर जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तेव्हा दिवस वाढले, भाडे वाढले. आपल्या हाती वाट पाहणे तेवढे उरले.

तेव्हा श्रोतेहो, भाडे कमी आहे एवढ्यावर खूष होऊ नये आणि वाढले म्हणून लगेच चिडूही नये. कमी असेल तर उरलेले कोण भरतो ते विचारावे: मोडीत निघालेली स्वदेशी बोट, की तेलाने माखलेल्या किनाऱ्यावरचा कोळी? वाढले असेल तर जादा पैसा कुठे जातो ते विचारावे. शिक्षकांनी मुलांपुढे नकाशा पसरावा आणि कोरेगावपासून न्हावा शेवा, तिथून सुएझ आणि रॉटरडॅमपर्यंत बोट फिरवून घ्यावे. त्या रेघेवर आजवर कुणी परवाने मागितले, कुणी दर पाडले, कुणी कायदे केले, हे मुलांना कळले म्हणजे आपल्या गावावरून जाणारी पेटी त्यांना निराळी दिसेल. त्यांच्यातलाच एखादा उद्या त्या बैठकीत बसेल. त्याला हा हिशेब विचारता आला पाहिजे.