मालवण किनाऱ्यावरील प्राथमिक शाळेचा पट आणि निकाल

कोकण विभागीय मंडळाचा शालान्त परीक्षेचा निकाल राज्यात सर्वांत अधिक लागतो, ही बातमी आता बातमी राहिलेली नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांच्या या मंडळाचा दहावीचा निकाल २०२४ साली ९९.०१ टक्के लागला. राज्याचा त्या वर्षीचा निकाल ९५.८१ टक्के होता. या यशाचा पाया गावोगावच्या प्राथमिक शाळांनी घातला असे म्हटले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु निकाल हा एक अपूर्णांक असतो. त्यातील अंशाची चर्चा पुष्कळ होते, छेदाची क्वचित होते. शाळेच्या पटावर कोण होते, कोण कधीच आले नाही आणि कोण मध्येच निघून गेले, हे पाहिल्यावाचून निकालाचा आकडा इतिहासाच्या उपयोगाचा नाही.

या किनाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच महाराष्ट्राला थोर शिक्षक दिले. देवगड तालुक्यातील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी मुंबई इलाख्यात शाळातपासनीसाचे काम केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ साली मालवणात झाला. भांडारकरांचे उदाहरण आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष बोलके आहे. त्यांचे वडील महसूल खात्यात कारकून होते. १८४७ साली त्यांची बदली रत्नागिरीस झाली, तेथे सरकारी इंग्रजी शाळा होती, आणि १८५३ साली मुलगा मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाला. त्या मुलाची बुद्धी असामान्य होती यात शंका नाही. तथापि बापाची बदली झाली नसती तर त्या बुद्धीला कोणती वाट मिळाली असती? त्याच वेळी मालवणच्या दांड्यावर वाढणाऱ्या गाबिताच्या मुलाच्या बापाची बदली कोठेच होत नव्हती. रापण ओढावयास हात लागतात, आणि त्यांत मुलांचे हातही असत. शाळेचे वेळापत्रक कचेरीच्या घड्याळावर बेतलेले होते. भरती-ओहोटीचा विचार ते ठरविणाऱ्याने केलेला नव्हता.

अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांपुढे तर वेळेपूर्वी उंबरठ्याचाच प्रश्न होता. सार्वजनिक शाळा त्यांना खुल्या असाव्यात असा ठराव मुंबई कायदेमंडळात मांडणारे सीताराम केशव बोले हे भंडारी समाजातील होते, आणि भंडारी हा या किनाऱ्यावरील एक मोठा समाज. ठराव १९२३ सालचा. ठराव झाला म्हणून वर्गात बसावयास जागा मिळालीच असे नव्हे, हे सांगावयास नकोच.

मुंबईच्या ओढीने पटावर वेगळाच परिणाम केला. गिरण्यांच्या काळापासून या भागातील पुरुष मुंबईस गेले. २००१ च्या जनगणनेतही सिंधुदुर्ग जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या. २०११ साली १,०३६. एकूण लोकसंख्या तर या दहा वर्षांत ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आली. शाळेच्या जनरल रजिस्टरात 'शाळा सोडल्याचे कारण' असा एक रकाना असतो. गावच्या लोकसंख्येचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने त्या रकान्यापासून आरंभ करावा, असे माझे मत आहे. परगावी गेलेले मूल तेथे उत्तीर्ण झाले काय, हे गावच्या निकालात कधीच उमटत नाही.

याच रजिस्टरातील 'मातृभाषा' हा रकाना भाषेच्या अभ्यासकास अधिक अस्वस्थ करतो. मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या नावापुढे तेथे 'मराठी' असे लिहिले जाते. कारभाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. ग्रियर्सन यांनी १९०५ साली ही बोली 'कुडाळी' या नावाने कोकणीच्या पोटात नोंदविली, तर अ. मा. घाटगे यांनी १९६५ साली तिचे वर्णन मराठी बोलींच्या सर्वेक्षणात केले. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पहिलीतील मुलाची अडचण वर्गीकरणाची नसून व्याकरणाची आहे. पुस्तकात 'मी गेलो' असे असते. घरी 'गेलो' हे रूप तृतीय पुरुषाचे आहे: 'तो गेलो', आणि 'मी गेलंय'. म्हणजे पुस्तकातील एकच शब्द वाचताना कर्ता कोण, याविषयी मुलाचा संभ्रम होणे स्वाभाविक आहे. घरचा 'घोडो' शाळेत 'घोडा' होतो, 'माका'चे 'मला' होते. 'तो गेलो' असे लिहिणाऱ्या मुलाची वही तांबड्या शाईने भरते. वस्तुतः त्याने आपल्या बोलीचा नियम बिनचूक पाळलेला असतो. या मुलाचे मराठी 'कच्चे' आहे असा शेरा पडला, की ती चूक त्याच्या बुद्धीच्या खात्यावर जमा होते. ज्यांच्या घरात प्रमाण भाषेचा वावर होता त्यांना हा कर द्यावा लागला नाही. जातवार निकालांत दिसणाऱ्या अंतराचा काही भाग तरी या करातून आलेला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. गावच्याच असलेल्या मास्तरांनी मधल्या सुट्टीत आणि पुष्कळदा तासातही मालवणीतून समजावून दिले, म्हणून ही तफावत काहीशी बुजली; त्याची नोंद मात्र कोणत्याही तपासणी अहवालासाठी केली गेली नाही.

आज रकान्याचा प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. देवगडच्या आंबाबागांत नेपाळी राखणदार कुटुंबांसह राहतात. बांधकामावर कर्नाटकातून मजूर येतात. त्यांची मुले जिथे शाळेत येतात तिथे गावच्या घटत्या पटाला तीच आधार देतात. त्यांच्यापुढे मालवणी अंगणातली आणि मराठी पुस्तकातली, अशा दोन नव्या भाषा असतात.

अशा शाळेचा निकाल टक्क्यांत मांडणे हे तर अंकगणिताचा गैरवापर करणे होय. सात मुलांच्या वर्गात एक मूल मागे पडले तर चौदा टक्के घसरतात. २०२३ साली शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे समूह शाळांत रूपांतर करण्याचा विचार मांडला, तेव्हा राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या. खाडी, डोंगर आणि विखुरलेल्या वाड्या असलेल्या या जिल्ह्यात पलीकडच्या वाडीतील शाळा नकाशावर दिसते तितकी जवळ नसते, आणि पावसाळ्यात तर मुळीच नसते. त्या चर्चेत खर्चाचा हिशेब मांडला जातो. मूल प्रत्यक्ष किती चालेल, आणि चालणे न झाल्यास पटावरून कोणते मूल प्रथम गळेल, याचा हिशेबही त्याच कागदावर असावयास हवा. मुलगी, मजुराचे मूल आणि धाकटे भावंड यांची नावे त्यात वरच्या बाजूस येतील असा माझा अंदाज आहे.

शाळा बंद झाली की तिचे दप्तर दुसऱ्या शाळेच्या कपाटात जाते. तेथे वाळवी आणि कोकणचा दमट पाऊस दोन्ही असतात. मालवण, देवगड आणि वेंगुर्ले या तीन तालुक्यांतील जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरांच्या छायाप्रती विद्यापीठीय विभागांनी आताच करून घ्याव्यात. आरंभ सर्वांत कमी पटाच्या शाळांपासून करावा.