भरून गेलेल्या मालमोटारी

कोल्हापूरकडच्या मंडळींना वळिवड्याच्या पोलिश छावणीची हकीकत सांगायला नको. परंतु हिंदुस्थानात पोलिश मुले आली ती प्रथम वळिवड्याला नव्हे, आणि आगबोटीनेही नव्हे. ती आली मालमोटारींतून. आणि त्या मालमोटारी मुले आणण्यापूर्वी मुलांसाठी सामान घेऊन गेल्या होत्या.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून हिटलरने आणि पूर्वेकडून स्टालिनने पोलंड गिळला. पुढच्या दोन वर्षांत पूर्व भागातील लक्षावधी माणसे घरांतून उठवून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकली गेली. जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा कालचा वैरी आजचा दोस्त झाला. जुलैत करार होऊन पोलिश बंदिवान सुटले. सुटले म्हणजे काय, तर थंडीच्या देशातून उबेच्या दिशेने, दक्षिणेकडे, उपाशीपोटी निघाले. वाटेत तापाने आणि भुकेने आईबाप गेले, आणि मागे उरली ती मुले. तुर्कमेनिस्तानातील अश्काबाद येथे अशा मुलांसाठी एक अनाथगृह उघडले गेले.

मुंबईला तेव्हा पोलंडची वकिलात होती. तिचे प्रमुख एउगेनियुश बानाशिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा, या जोडप्याने औषधे, कपडे आणि धान्य धाडण्याचे मनावर घेतले. माल जमवणे एक वेळ सोपे. पण नेणार कोण, आणि कोणत्या वाटेने? वाट होती क्वेट्ट्याहून बलुचिस्तानचे वाळवंट तुडवत इराणातील झाहेदानला, तेथून मशहदला, आणि मग डोंगर ओलांडून अश्काबादला. एकट्या क्वेट्ट्यापासूनच दीड हजार किलोमीटरांहून लांबचा तो पल्ला, आणि तोही ऐन हिवाळ्यात! तरी माणसे निघाली.

अश्काबादला या मुलांची देखभाल करणाऱ्यांत हान्का ऑर्डोनुव्ना ही पोलंडची लाडकी गायिका-नटी होती. स्वतः क्षयाने खंगलेली. जिच्या गाण्यासाठी एके काळी नाट्यगृहे भरून जात, ती आता परक्या लेकरांच्या राखणीला उभी होती.

येथे एक साधा विचार मनात येतो. ब्लँकेटने एका रात्रीची थंडी भागते आणि पोत्यातल्या धान्याने काही दिवसांची भूक. पुढे काय? या प्रश्नाला त्या मालमोटारींनी दिलेले उत्तर मोठे सरळ होते: सामान उतरवून त्या रिकाम्या परतल्या नाहीत, मुलांना घेऊन परतल्या.

एप्रिल १९४२ मध्ये दीडशेहून अधिक मुले मुंबईला पोहोचली आणि काही दिवस वांद्र्याला राहिली. त्याच वर्षी जुलैत जामनगरजवळ बालाचडी येथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांच्यासाठी वसाहत उघडली. मुले त्यांना 'बापू' म्हणू लागली. १९४३ पासून वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुलेच होती.

तो काळ आपल्या देशालाही काही सुखाचा नव्हता. १९४२ साली 'चले जाव'चा वणवा पेटला होता. १९४३ साली बंगालमध्ये माणसे अन्नावाचून तडफडून मरत होती. ज्या घरात आपल्याच लेकरांना पोटभर मिळत नव्हते, त्या घराने परक्यांच्या लेकरांसाठी पाने मांडली, हे विसरून चालणार नाही. बालाचडीच्या खर्चासाठी इथल्या संस्थानिकांनी आणि धनिकांनीही हात सैल सोडला.

१९४८ मध्ये वळिवड्याची छावणी उठली. कोणी मायदेशी गेले, पुष्कळजण परमुलखांत विखुरले. किरा बानाशिन्स्का मात्र हिंदुस्थानातच राहिल्या आणि पुढे हैदराबादकडे त्यांनी समाजकार्य केले. ऑर्डोनुव्ना १९५० मध्ये बैरूतला वारली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथे जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकांपुढे फुले वाहिली.

आणि वळिवड्याच्या त्या रिकाम्या झालेल्या बराकी? त्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित तेथे येऊन राहिले. आजचे गांधीनगर ते हेच. एका बेघराने खाली केलेल्या खोलीत दुसऱ्या बेघराने चूल पेटवली.