शिकागोतील एका शाळेची पुनर्बांधणी

शिकागो शहराच्या पश्चिम भागात ‘अवर लेडी ऑफ द एंजल्स’ हा कॅथलिक धर्मग्राम होता. वस्ती कष्टकऱ्यांची, तीत इटालियन वंशाची कुटुंबे पुष्कळ. धर्मग्रामाच्या शाळेत सुमारे १,६०० मुले शिकत असत.

१ डिसेंबर १९५८, सोमवार. शाळा सुटण्यास थोडाच वेळ उरला असता तळघरात, जिन्याच्या पायथ्याशी लागलेली आग लाकडी जिन्यावरून वर चढली. खालच्या मजल्यावर जिन्यास अग्निरोधक दार होते, वरच्या मजल्यावर मात्र नव्हते. एवढ्या एका दाराच्या अभावी वरची मार्गिका धुराने भरून गेली आणि वर्गांतील मुलांना खिडक्यांवाचून दुसरी वाट राहिली नाही. त्या खिडक्या जमिनीपासून सुमारे २५ फूट उंचीवर होत्या. या आगीत ९२ मुले व ३ धर्मभगिनी मृत्युमुखी पडल्या.

आग कशी लागली याचा अधिकृत निर्णय कधीच झाला नाही. परंतु ती एवढी घातक का ठरली, हे स्पष्ट होते. इमारत १९१० सालची. १९४९ च्या नगरनियमांतील कडक अटी नव्या इमारतींपुरत्या होत्या, जुन्यांना त्यांतून सूट होती. म्हणूनच काही आठवड्यांपूर्वीच्या तपासणीत ही शाळा निर्दोष ठरली होती! कायद्याच्या दृष्टीने ती निर्दोष होतीही. पाण्याचे स्वयंचलित फवारे तेथे नव्हते, आणि धोक्याची घंटा वाजली तरी ती शाळेच्या आवारातच ऐकू येई, अग्निशामक दलापर्यंत पोहोचत नसे. आगीची कवायत मुलांना ठाऊक होती, परंतु जिनाच बंद झाल्यावर कवायत करणार काय?

जळालेली इमारत १९५९ मध्ये पाडण्यात आली. मुलांचे वर्ग आसपासच्या शाळांतून भरू लागले. त्याच जागी उभारलेली नवी शाळा सप्टेंबर १९६० मध्ये उघडली. बांधकाम लोखंड व काँक्रीटचे होते, आणि फवाऱ्यांची सोय सुरुवातीपासूनच केलेली होती. जुन्या वास्तूत जे जे नव्हते, ते ते नवीत आले.

भिंती दोन वर्षांच्या आत उभ्या राहिल्या. मनांकडे मात्र तितके लक्ष दिले गेले नाही. त्या प्रसंगाविषयी बोलू नये अशीच वडीलधाऱ्यांची अपेक्षा असे, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी पुढे सांगितले. शोकग्रस्त मुलांना मानसिक आधार देण्याची रीत त्या काळी शाळांत नव्हती, हे खरे. तरीही शेजारचा बाक रिकामा झालेल्या मुलाला नव्या वर्गात बसविणे, एवढ्याने पुनर्बांधणी पुरी झाली असे कसे म्हणावे?

शाळेबाहेर परिणाम दूरवर झाले. १९५९ मध्ये लॉस एंजल्सच्या अग्निशामक दलाने एका जुन्या शाळेत मुद्दाम आगी लावून प्रयोग केले. उघड्या जिन्यांतून चढणारा धूर किती लवकर वाट बंद करतो, ते त्यांत दिसून आले. अनेक ठिकाणी जुन्या शाळांनाही नियम लागू झाले.

वस्ती पालटत गेली. १९९९ मध्ये नवी शाळाही बंद झाली. पुढे २००५ पासून तेथील फ्रान्सिस्कन मिशनने परिसरातील गरजू कुटुंबांना अन्न पुरविण्याचे काम हाती घेतले. आगीत गेलेल्यांची नावे हिलसाइड येथील ‘क्वीन ऑफ हेवन’ दफनभूमीतील स्मारकावर कोरलेली आहेत.