न्यूहाउन ते जलपरी : कोपनहेगनच्या धक्क्यावरून दोन किलोमीटर

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन पाहावयास जाणाऱ्या पर्यटकांच्या यादीत दोन ठिकाणे हमखास असतात. एक, रंगीत घरांच्या रांगेमुळे ओळखला जाणारा न्यूहाउनचा कालवा आणि दुसरे, लँगेलिनीच्या किनाऱ्यावर खडकावर बसलेली छोटी जलपरी. सहलीच्या बसगाड्या या दोन ठिकाणी प्रवाशांना उतरवतात, छायाचित्रांपुरता वेळ देतात आणि पुढे निघतात. वास्तविक दोन्हींमधील अंतर दोन किलोमीटरच्या आसपास आहे. न थांबता चालल्यास अर्धा तास पुरतो; थांबत, पाहत गेल्यास अर्धा दिवसही अपुरा पडावा. वाट सपाट आहे आणि बंदराचे पाणी उजव्या हाताला ठेवले की चुकण्याची भीती नाही. मात्र ही वाट केवळ प्रेक्षणीय नाही. डेन्मार्कच्या वैभवाचा पैसा कोठून आला, याचा हिशेबही तिच्यावर ठिकठिकाणी मांडलेला आढळतो आणि त्यातील एक ओळ थेट मराठी भाषेपर्यंत येऊन पोहोचते.

न्यूहाउन या शब्दाचा अर्थ 'नवे बंदर'. नवे म्हणायचे ते १६७० ते १६७३ या काळात खणलेले. राजा पाचवा ख्रिश्चन याच्या कारकिर्दीत स्वीडिश युद्धकैद्यांकडून हे खोदकाम करून घेण्यात आले. समुद्रातून आलेला माल थेट शहराच्या मुख्य चौकापर्यंत, म्हणजे कोंगेन्स न्यूटॉर्वपर्यंत आणणे हा त्यामागील हेतू होता. पुढे दीर्घकाळ हा भाग खलाशांच्या गुत्त्यांसाठी बदनाम होता. आजची उपाहारगृहे व त्यांच्यासमोरील खुर्च्या ही अलीकडची शोभा होय. उत्तरेकडील काठावरचे ९ क्रमांकाचे घर १६८१ मधील असून ते येथील सर्वांत जुने मानले जाते. कालव्याच्या चौकाकडील टोकाला एक मोठा नांगर ठेवलेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धात प्राण गमावलेल्या डॅनिश दर्यावर्दींचे हे स्मारक १९५१ मध्ये उभारण्यात आले.

परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी न्यूहाउनवर वेगवेगळ्या काळात तीन घरांत वास्तव्य केले. २०, ६७ आणि १८ हे त्या घरांचे क्रमांक. 'छोटी जलपरी' ही कथा १८३७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्या वेळी ते २० क्रमांकाच्या घरात राहत होते. अर्थात, कथेच्या जन्मस्थळापासून कथेच्या पुतळ्यापर्यंत जाणारी ही वाट आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

कालव्याच्या मुखाशी आले की डावीकडे वळावे. उजवीकडे २०१६ मध्ये खुला झालेला पादचारी व सायकलस्वारांचा पूल पलीकडच्या ख्रिश्चनहाउन भागात जातो. तेथे डॅनिश आशियाटिक कंपनीच्या मुख्यालयाची जुनी इमारत अद्याप उभी आहे. या कंपनीचे नाव लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढच्याच थांब्यावर तिची गाठ पडते. वाटेत २००८ मध्ये उघडलेले राजकीय नाट्यगृह लागते. त्याच्या पाण्यावरील लाकडी सज्जावर कोणीही विनामूल्य बसू शकतो. समोरच्या काठावर २००५ मध्ये सुरू झालेले ऑपेरागृह दिसते. ए. पी. मोलर या जहाज उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानने देशाला दिलेली ही भेट. त्याचे पुढे आलेले प्रचंड छप्पर सुंदर आहे की बोजड, यावर कोपनहेगनकरांचे एकमत झालेले नाही.

येथून अमालिएनबोर्ग राजवाडा हाकेच्या अंतरावर आहे. अष्टकोनी चौकाभोवतीचे चार जवळपास एकसारखे महाल अठराव्या शतकाच्या मध्यास चार सरदार घराण्यांसाठी बांधले गेले. १७९४ मध्ये ख्रिश्चनबोर्ग राजवाड्याला आग लागल्यानंतर राजघराणे येथे राहावयास आले आणि येथेच स्थिरावले. राणी दुसरी मार्गारेट यांनी १४ जानेवारी २०२४ रोजी पदत्याग केल्यापासून दहावे फ्रेडरिक हे राजे आहेत. दररोज दुपारी १२ वाजता होणारा पहारेकरी बदलाचा सोहळा पाहण्यास गर्दी होते. बहुतेकांचे लक्ष अस्वली टोप्यांकडे असते. चौकाच्या मध्यभागी असलेल्या घोडेस्वाराकडे फार थोड्यांचे जाते.

हा घोडेस्वार म्हणजे राजा पाचवा फ्रेडरिक. फ्रेंच शिल्पकार जॅक साली १७५३ मध्ये या कामासाठी कोपनहेगनला आला आणि पुतळ्याचे अनावरण झाले १७७१ मध्ये. तोवर राजा मरून पाच वर्षे लोटली होती. पुतळ्याचा अवाढव्य खर्च उचलला तो आशियाटिक कंपनीने, म्हणजे भारत आणि चीनच्या व्यापारावर गब्बर झालेल्या कंपनीने. डॅनिश लोक १६२० मध्येच तमिळ किनाऱ्यावरील थरंगमबाडी येथे, त्यांच्या भाषेत ट्रांकेबार येथे, उतरले होते. याच पाचव्या फ्रेडरिकच्या काळात, १७५५ मध्ये, हुगळीकाठी आणखी एक वसाहत स्थापन झाली व तिला राजाच्या नावावरून फ्रेडरिक्सनगर म्हटले जाऊ लागले. ते आजचे बंगालमधील श्रीरामपूर. नगर जिल्ह्यातील श्रीरामपूरशी त्याचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.

ब्रिटिश ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. त्यामुळे १८०० मध्ये विल्यम केरी यांनी डॅनिश ध्वजाखालील श्रीरामपूरचा आश्रय घेतला व तेथे छापखाना सुरू झाला. पंडित वैजनाथ शर्मा यांच्या साहाय्याने केरी यांनी तयार केलेले मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये याच छापखान्यातून बाहेर पडले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या ग्रंथांचे स्थान मोठे आहे. ज्या गावात ते छापले गेले, त्याला नाव देणारा राजा येथे कोपनहेगनच्या राजवाड्यासमोर घोड्यावर बसलेला आहे, याची दखल कोणतीही सहल पुस्तिका घेत नाही. दोन्ही वसाहती डेन्मार्कने १८४५ मध्ये ब्रिटिशांना विकून टाकल्या.

चौकातून पश्चिमेकडे पाहिले असता हिरव्या घुमटाचे फ्रेडरिक चर्च, अर्थात संगमरवरी चर्च दिसते. १७४९ मध्ये कोनशिला बसली, पैसा संपल्याने १७७० मध्ये काम थांबले आणि शंभराहून अधिक वर्षे भग्नावस्थेत काढल्यानंतर उद्योगपती टिटगेन यांच्या पैशातून ते १८९४ मध्ये पूर्ण झाले.

पुन्हा धक्क्यावर यावे. थोडे उत्तरेकडे गेल्यावर मायकेलअँजेलोच्या डेव्हिडची कांस्य प्रतिकृती दृष्टीस पडते. तिच्यामागची लांबरुंद इमारत म्हणजे वेस्ट इंडियन वखार. कॅरिबियन बेटांवरून आलेली साखर व रम येथे साठवली जात असे. सेंट थॉमस, सेंट जॉन आणि सेंट क्रॉय ही बेटे डेन्मार्कच्या ताब्यात होती आणि तेथील उसाचे मळे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. डॅनिश जहाजांतून सुमारे एक लाख माणसे अटलांटिकपार नेली गेली. गुलामांच्या वाहतुकीवरील बंदीचा हुकूम १७९२ मध्ये निघाला. तो अमलात येण्यास १८०३ उजाडले. प्रत्यक्ष गुलामगिरी संपली ती १८४८ मध्ये. १९१७ मध्ये ही बेटे अमेरिकेला अडीच कोटी डॉलरना विकण्यात आली.

मार्च २०१८ मध्ये या वखारीसमोर 'आय अ‍ॅम क्वीन मेरी' नावाचा सात मीटर उंचीचा पुतळा उभा राहिला. १८७८ मध्ये सेंट क्रॉयवर झालेल्या मजुरांच्या उठावातील नेत्या मेरी थॉमस हे त्याचे प्रेरणास्थान. त्यांना कैदी म्हणून कोपनहेगनच्याच तुरुंगात ठेवण्यात आले होते. जेनेट एलर्स आणि ला व्हॉन बेल या दोन कलावतींनी तो घडवला. तो पक्क्या धातूचा नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये वादळाने त्याचे नुकसान झाले व तो हलवावा लागला. कंपनीच्या पैशातला कांस्य राजा अडीचशे वर्षे जागचा हललेला नाही आणि ही राणी तीन वर्षेही टिकली नाही, ही तफावत येथून जाणाऱ्याच्या मनात राहते.

पुढचा टप्पा मोकळ्या हवेचा आहे. गेफिओन देवतेचे कारंजे १९०८ मधील. एका रात्रीत नांगरशील तेवढी जमीन तुझी, असे स्वीडनच्या राजाने म्हणताच तिने आपल्या चार मुलांचे बैल केले आणि झीलंड बेट नांगरून काढले, अशी कथा आहे. शेजारचा कॅस्टेलेट हा तारकाकृती किल्ला सतराव्या शतकातील असून आजही लष्कराच्या ताब्यात आहे. तटावरून फिरण्यास मात्र सर्वांना मुभा आहे. ९ एप्रिल १९४० च्या पहाटे जर्मन सैनिक लँगेलिनीच्या धक्क्यावर जहाजातून उतरले आणि हा किल्ला त्यांनी फारशा प्रतिकाराविना घेतला. गवताळ तट, पाण्याचा खंदक आणि १८४७ मधील पवनचक्की यामुळे येथे रेंगाळावेसे वाटते. वेळ कमी असेल तर काट मारायची ती अन्यत्र मारावी, येथे नव्हे.

आणि मग जलपरी. उंची सव्वा मीटर. अनेकांची निराशा होते ती येथेच. कार्ल्सबर्ग मद्यउद्योगाचे कार्ल याकोबसेन यांनी जलपरीवरील बॅले पाहून १९०९ मध्ये हा पुतळा करवून घेण्याचे ठरवले. नर्तिका एलेन प्राइस यांनी विवस्त्र बसण्यास नकार दिल्याने शिल्पकार एडवर्ड एरिक्सन यांनी शरीरासाठी पत्नी एलिन यांनाच समोर बसवले. २३ ऑगस्ट १९१३ रोजी तिचे अनावरण झाले. १९६४ मध्ये तिचे शिर कापून नेण्यात आले, १९८४ मध्ये हात, १९९८ मध्ये पुन्हा शिर. २००३ मध्ये तर स्फोटाने तिला पाण्यात ढकलण्यात आले. रंग फासण्याचे प्रकार अगणित. २०१० मध्ये शांघायच्या जागतिक प्रदर्शनासाठी ती काही महिने चीनला गेली होती. पुतळ्याच्या स्वामित्वहक्कावरून शिल्पकाराच्या वारसांनी 'बर्लिंग्स्के' या दैनिकाला न्यायालयात खेचले होते. व्यंगचित्रात तिला भुताचा चेहरा आणि एका छायाचित्रात मुखपट्टी लावल्याचे ते प्रकरण. खालच्या न्यायालयांनी ठोठावलेली भरपाई मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली.

अँडरसन यांच्या मूळ कथेत राजपुत्र जलपरीला मिळत नाही, हे चित्रपट पाहून आलेल्यांना ठाऊक नसते. पुतळ्याची नजर मान वळवून कोठे लागली आहे, हे त्या कथेसह पाहिल्यास उंचीची तक्रार उरत नाही.

न्यूहाउनसाठी कोंगेन्स न्यूटॉर्व हे मेट्रो स्थानक सोयीचे. परतीसाठी किल्ल्यापलीकडील ऑस्टरपोर्ट स्थानक पायी गाठता येते. बंदरातील सार्वजनिक बोटसेवा घ्यावयाची असल्यास वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारासही उजेड असतो, डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. वारा दोन्ही ऋतूंत बोचरा असल्याने अंगावर जाकीट हवेच. जलपरीपाशी गर्दी नको असल्यास सकाळी लवकर, सहलीच्या बस येण्यापूर्वी, उलट दिशेने चालण्यास सुरुवात करावी. न्यूहाउनला पोहोचेपर्यंत तेथील उपाहारगृहे उघडलेली असतात.