एकाच कारागिराची दोन भिंगे

हैदराबाद म्हटले की निजामाचे हिरे-मोती आठवतात. तिथल्या दुर्बिणीची आठवण क्वचितच कुणी काढतो. १९०१ साली नवाब जफर जंग यांनी फिसलबंडा येथे खासगी वेधशाळा उभारली. तिच्यासाठी त्यांनी डब्लिनच्या सर हॉवर्ड ग्रब यांची पंधरा इंची दुर्बीण घेतली. नवाबांच्या निधनानंतर, १९०८ साली, ही वेधशाळा निजाम सरकारकडे आली. पुढे ती बेगमपेठेत गेली आणि १९१९ साली उस्मानिया विद्यापीठाकडे सोपवण्यात आली.

याच ग्रब यांनी १९०० साली बंदुकीच्या नेमासाठी एका साधनाचे पेटंट घेतले होते. जुन्या पद्धतीत मागची खाच, नळीच्या टोकाची माशी आणि लक्ष्य या तिन्ही गोष्टी एका रेषेत आणाव्या लागत. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर, आणि डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते. ग्रब यांनी भिंग आणि तिरपी काच वापरून नेमाची खूण जणू अनंत अंतरावर, ताऱ्यासारखी, दिसेल अशी योजना केली. त्यामुळे डोळा थोडा हलला तरी खूण लक्ष्यावरून ढळत नाही. आकाशाकडे पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसालाच हे सुचावे!

ही युक्ती आधी लढाऊ विमानांच्या तोफांना उपयोगी पडली. रायफलीवर मावेल असा छोटा, टिकाऊ दिवा मिळायला मात्र बराच काळ जावा लागला. १९७५ च्या सुमारास स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने एलईडीचा लाल ठिपका वापरला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सैन्याने तिचे साधन स्वीकारले. आपली इन्सास रायफल त्याच दशकात आली, पण साध्या लोखंडी माशीनिशी.

आंध्रातही अशीच वाट दिसते. मछलीपट्टणमची आंध्र सायंटिफिक कंपनी वैज्ञानिक उपकरणे बनवीत असे. १९८३ साली ती भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे गेली आणि तिथे सैन्यासाठी रात्रीच्या अंधारात पाहण्याची उपकरणे बनू लागली.

निजामिया वेधशाळेतील खगोलज्ञांनी आंतरराष्ट्रीय तारासूचीसाठी वर्षानुवर्षे खपून लाखो ताऱ्यांची स्थाने नोंदवली. त्यांचाही तो नेमच होता. एका नेमाने तारा कागदावर कायमचा नोंदला जातो, दुसऱ्याने समोरचा माणूस कायमचा पुसला जातो. भिंगाचा नियम दोन्हीकडे सारखाच. फरक ते कुणाच्या हाती आहे एवढाच.