चूल, देवळी आणि आगटी : सातारा-सांगली भागातील घराच्या दर्शनी भिंतीचा विचार

१

जुन्या घरांचा अभ्यास करताना चौक, खांब, तुळया आणि छपरे यांची मापे काळजीपूर्वक घेतली जातात. भिंतीकडे मात्र बहुधा केवळ आडोसा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः घरात आलेल्या माणसाची नजर प्रथम ज्या भिंतीवर ठरते, ती भिंत घरमालकाने हेतुपूर्वक सजविलेली असते, आणि कुटुंबाने बाहेरच्या जगाला काय दाखवावयाचे ठरविले होते, हे त्या सजावटीवरून कळते. इंग्लंडसारख्या थंड देशांत ही भिंत परंपरेने आगटीची असे. बैठकीच्या खोलीतील भिंतीतच विस्तवाची जागा, तिच्यावर धूर वाहून नेणारे धुराडे, आगटीच्या माथ्यावर दगडाची किंवा लाकडाची एक फळी, फळीवर घड्याळ व शोभेच्या वस्तू, आणि त्यांच्याही वर आरसा किंवा तसबीर, अशी तिची ठरीव मांडणी होती. आसनेही त्याच भिंतीकडे तोंड करून मांडली जात.

या आगटीशी मराठी मुलखाची ओळख होऊन आता दोन शतके होत आली. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर येथे ती इंग्रजांबरोबर आली आणि डोंगरावरील बंगल्यांत स्थिरावली. तथापि डोंगराखालच्या वाई, सातारा, मिरज, सांगली या गावांतील मराठी घराने ती स्वीकारली नाही. ती का स्वीकारली नाही, आणि न स्वीकारताही तिच्यातील काय घेतले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. सातारा व सांगली यांचा येथे एकत्र विचार केला आहे. कारण कृष्णाकाठचा हा प्रदेश गृहरचनेच्या दृष्टीने सलग आहे. १९४९ मध्ये निर्माण झालेला सांगली जिल्हा १९६० पर्यंत ‘दक्षिण सातारा’ या नावानेच ओळखला जात होता, हेही लक्षात ठेवावे.

२

मराठी घरात विस्तवाची भिंत नव्हती असे नाही. ती होती, परंतु ती घराच्या मागील अंगास, स्वयंपाकघरात होती. चूल, तिच्या बाजूची वैल आणि त्यांच्या पाठीमागची भिंत हा घराचा अत्यंत आतला भाग होय. छप्पर कौलारू असेल तर धूर कौलांच्या फटींतून किंवा धुराड्यातून निघून जाई. सांगलीच्या पूर्वेकडील कोरड्या मुलखातील माळवदी घरांत तो छतातील झरोक्यावाटे जाई. ही भिंत धुराने काळी पडत असे, आणि म्हणूनच ती सतत नवी करावी लागत असे. सकाळी पोतेऱ्याने चूल सारवावयाची, तिच्यापुढे रांगोळीची रेघ ओढावयाची, सणावारी हळदकुंकवाची बोटे उठवावयाची, हा नित्यक्रम होता. नागपंचमीला भिंतीवर नाग काढण्याची, श्रावणात जिवतीचा कागद लावण्याची चाल याच आतल्या घरातली.

या भिंतीची सजावट करणाऱ्या हातांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. सारवण दुसऱ्या दिवशीच्या सारवणाखाली जाते, रांगोळी पुसली जाते, नाग पुढच्या सफेदीखाली झाकला जातो. ही कला टिकण्यासाठी नव्हतीच. ती पुनःपुन्हा करण्यासाठी होती. म्हणूनच तिचा पुरावा वास्तूपेक्षा भाषेत अधिक सापडतो. भाऊ विभक्त झाले म्हणजे ‘वेगळी चूल मांडली’ असे म्हणतात. संपूर्ण कुटुंबास जेवावयास बोलावणे म्हणजे ‘चूलबंद आमंत्रण’. आणि सर्वांची अवस्था सारखीच असे सांगावयाचे असता ‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण पुढे येते. या प्रयोगांत चूल हे कुटुंबाच्या एकत्वाचे परिमाण आहे. जी वस्तू कुटुंब मोजण्याचे माप होते, ती पाहुण्याला दाखविण्याची वस्तू नव्हे. सोवळ्याओवळ्याच्या कल्पनांनी हा पडदा अधिकच घट्ट केला; ज्या घरांत त्या कडकपणे पाळल्या जात, तेथे चुलीपर्यंत परक्याचा प्रवेशच नव्हता.

विस्तव पुढच्या खोलीत न येण्यास बांधकामाचेही कारण होते. वाड्याचे जोते दगडी असले, तरी वरचा सांगाडा लाकडाचा आणि भिंतींचे भराव विटांचे किंवा मातीचे असत. खांब, तुळया, तख्तपोशी, जिने, सर्व काही जळणारे. अशा भिंतीच्या पोटात नित्य विस्तव ठेवणे धोक्याचे होते. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, ही घटना लाकडी वाड्यांचे दुबळेपण दाखविण्यास पुरेशी आहे. थंडी पडली तर अंगणात शेकोटी पेटे किंवा खोलीत शेगडी आणली जाई. शेगडी उचलून नेता येते, आणि हेच येथे महत्त्वाचे आहे. विस्तव माणसाजवळ जाई. माणसाने विस्तवाभोवती कायमची खोली रचली नाही.

३

मग पुढच्या भिंतीवर काय होते? वाईजवळ कृष्णेच्या काठी मेणवली येथे नाना फडणिसांचा वाडा आहे. हे गाव नानांना १७६८ मध्ये इनाम मिळाले. चौकांनी रचलेल्या या वाड्यात पेशवेकालीन भित्तिचित्रे आजही पाहावयास मिळतात. वाईतील मोतीबाग या रास्त्यांच्या वास्तूतही अशी चित्रे आहेत. वाळलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर बंधकात कालविलेल्या रंगांनी चितारी ती काढीत. देवादिकांची व पुराणांतील प्रसंगांची चित्रे, वेलबुट्टीचे पट्टे, आणि या सर्वांच्या मध्ये भिंतीच्या जाडीत कोरलेले कोनाडे, असा त्या काळच्या सजावटीचा सर्वसाधारण क्रम दिसतो.

या सजावटीची मापे बैठकीवरून ठरत. लोक गादी-तक्क्यावर बसत. त्यामुळे बसलेल्या माणसाची दृष्टी जमिनीपासून फार उंच नसे. कोनाडा त्याच दृष्टीच्या पातळीवर, हाताला येईल असा असे. त्यात दिवा, पानसुपारीचे तबक, एखादी पोथी किंवा मूर्ती ठेवली जाई. दिवेलागणीनंतर कोनाड्यातील दिव्याचा उजेड आजूबाजूच्या चित्रांवर पडे. तात्पर्य, इंग्रजी भिंतीचा मध्यबिंदू उष्णता देणारा विस्तव होता, तर मराठी भिंतीचा मध्यबिंदू उजेड देणारा दिवा होता.

शब्दांची साक्षही याच दिशेची आहे. ‘कोनाडा’ या शब्दाचा कोनाशी असलेला संबंध उघड आहे. ‘देवळी’ हा शब्द अधिक विचार करण्याजोगा आहे. देवकुल या शब्दापासून देऊळ आला. देवळी हे त्याचेच लघुरूप, म्हणजे भिंतीतले लहानसे देऊळ. याचेच ‘दिवळी’ असे रूप अनेकांच्या तोंडी आहे. तेथे बोलणाऱ्याच्या मनात देवाऐवजी दिवा उभा राहिला आणि त्याने शब्दाला आपल्याकडे ओढून घेतले, असे मानण्यास हरकत नाही. लोकव्युत्पत्तीला शास्त्रीय व्युत्पत्तीचे मोल नसते हे खरे. परंतु लोक त्या वस्तूचा उपयोग काय समजत होते, हे ती निःसंशय सांगते. देव आणि दिवा या दोहोंसाठी भिंतीत राखलेली जागा, एवढाच अर्थ दोन्ही रूपांतून निघतो.

या देवळीभोवती जी कमान येते, तिचे नाव ‘महिरप’. हा शब्द अरबीतील ‘मिहराब’ याचे फारसीमार्गे मराठीत आलेले रूप होय. मशिदीच्या भिंतीत प्रार्थनेची दिशा दाखविणारा कमानदार कोनाडा, हा त्याचा मूळ अर्थ. मराठी घराने त्या कमानीचा आकार घेतला, नावही घेतले. दिशा दाखविण्याचे कार्य मात्र मूळ ठिकाणीच राहिले. पुढे तर गणपतीच्या आराशीला आणि ताटाभोवतीच्या रांगोळीलाही महिरप म्हणू लागले. दर्शनी भिंतीने परकी गोष्ट कशी पचविली, याचा हा पहिला नमुना आहे. दुसरा नमुना इंग्रजी अमलात दिसतो.

४

मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून महाबळेश्वरची जागा मिळविली; तिच्या मोबदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव दिले गेले. ‘माल्कमपेठ’ हे नाव त्या व्यवहाराची आठवण म्हणून राहिले. सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या या पठारावर पावसाळ्यात अखंड धुके आणि हिवाळ्यात कडाका असतो. वेण्णा तलावाच्या काठी काही वर्षी दंवही गोठते. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींत धुराडे बसविणे सोपे होते, जळाऊ लाकूड जवळ होते, आणि राहणाऱ्यांच्या मनात मायदेशातील घराचे चित्र होते. तिन्ही कारणे जुळली आणि बंगल्यांत आगट्या आल्या. जॉन चेसन यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसलेल्या पाचगणीतही याच धर्तीचे बंगले उभे राहिले.

१८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले आणि इंग्रजी राहणी जिल्ह्याच्या ठिकाणी नित्याच्या परिचयाची झाली. खालच्या गावांतील वकील, अंमलदार व संस्थानिक यांच्या दिवाणखान्यांत पुढील काही दशकांत जो बदल झाला, त्यात एक गोष्ट लक्षणीय आहे. आगटीच्या माथ्यावरचे सर्व काही आले: लंबकाचे घड्याळ, आरसा, चौकटीतली तसबीर, काचेच्या व चिनी मातीच्या वस्तू आणि त्या ठेवण्याची फळी. तेवढी आगटी मात्र आली नाही. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्याने १८९४ पासून छापील चित्रे घरोघर पोहोचविली. चितारी बोलावण्याची ऐपत नसलेल्या घरालाही आता लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर घेता येऊ लागली. गादीची जागा खुर्चीने घेतली, तशी दृष्टीची पातळी वर गेली. तसबिरी उंच, किंचित पुढे झुकलेल्या अशा ओळीने लागल्या आणि खालचा कोनाडा हळूहळू उपेक्षित झाला.

याच काळात कोनाड्यात एक नवा पाहुणा आला. घासलेटाचा प्रसार झाल्यावर दिव्याच्या काचेला आणि पुढे पत्र्याच्या लहान दिव्यालाच ‘चिमणी’ म्हणू लागले. हा शब्द इंग्रजी ‘चिम्नी’वरून आला. इंग्रजीत धुराड्याचे नाव दिव्याच्या काचेला पूर्वीच मिळाले होते, आणि मराठीत तो बहुधा त्या काचेबरोबर शिरला. मराठीत आधीपासून असलेल्या चिमणी या पक्ष्याच्या नावाशी त्याचा उच्चार जुळला, आणि तो परका आहे हे बोलणाऱ्याला जाणवेनासे झाले. या शब्दाचे मूळ आणखी मागे गेल्यास लॅटिनमधील ‘कामिनाता’, म्हणजे आगटी असलेली खोली, येथपर्यंत पोहोचते. ज्या शब्दाचा मूळ अर्थ विस्तवाची खोली, तो फ्रेंच व इंग्रजी यांतून प्रवास करीत मराठी घरात येतो आणि देवळीतला दिवा होऊन बसतो! मराठी घराने आगटी नाकारली, पण तिच्या धुराड्याचे नाव आपल्या जुन्या दिव्याच्या जागी ठेवून घेतले. महिरपीच्या बाबतीत जे घडले तेच येथे पुन्हा घडले: आकार आणि नाव यांना प्रवेश मिळाला, पण भिंतीचे मूळ प्रयोजन बदलले नाही.

५

एकट्या शब्दावरून इतिहास रचू नये, हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथे शब्द, बांधकाम आणि राहणीची चाल ही तिन्ही साधने एकच गोष्ट सांगतात. इंग्रजी अमलाने मराठी दिवाणखाना पूर्णपणे पालटला, हे सर्वसाधारण मत त्यामुळे तपासून घ्यावे लागते. दर्शनी भिंतीला स्वतःचे व्याकरण होते. तिने नवे शब्द स्वीकारले. वाक्यरचना मात्र बराच काळ जुनीच ठेवली. पुढे सदनिकांच्या भिंती पातळ झाल्या, त्यांत कोनाडा खोदण्याइतकी जाडी उरली नाही, वीज आल्यावर दिव्याला जागा लागेनाशी झाली. तेव्हा कोठे ती रचना मोडली. आता शोकेस आणि दूरचित्रवाणी संच यांनी त्या भिंतीचा ताबा घेतला आहे, आणि विजेवर चालणारी शोभेची आगटीही विकत मिळते.

दरम्यान पुरावा झपाट्याने नाहीसा होत आहे. वाटण्या होऊन वाडे पाडले जातात. २००५, २०१९ व २०२१ या वर्षीच्या महापुरांत कृष्णाकाठच्या मातीच्या भिंती दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या. अशा भिंतीचा गिलावा सुटला म्हणजे त्याबरोबर रंग, कोनाडे आणि देवळ्याही जातात. मेणवलीसारख्या ठिकाणची चित्रे अभ्यासकांच्या नजरेत असल्याने त्यांची छायाचित्रे तरी घेतली गेली आहेत. सामान्य घरांच्या भिंतींची तशी नोंद नाही, आणि चुलीमागच्या भिंतीची तर मुळीच नाही. ज्या स्त्रियांनी ती भिंत जन्मभर सारवली, त्यांपैकी ज्या आज हयात आहेत त्यांना तिच्या प्रत्येक भागाचे नाव, सारवणाची माती कोठून आणावयाची आणि कोणत्या सणाला काय काढावयाचे, हे ठाऊक आहे. सातारा-सांगली भागातील गृहरचनेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याने मोजपट्टी घेऊन दिवाणखान्यात जावे, हे योग्यच. परंतु तेथून त्याने माजघर ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत जावे आणि तेथील शब्द बोलणाराच्या उच्चारासह उतरवून घ्यावेत. दिवाणखान्याची भिंत पडल्यावरही तिचे वर्णन कोठेतरी कागदावर सापडेल; चुलीमागच्या भिंतीचे वर्णन ज्यांच्या स्मरणात आहे, त्यांच्यानंतर ते कोठेही सापडणार नाही.