पुण्यात कॉलेजचा बास्केटबॉल संघ जिंकला, तर पुढे काय?

अमेरिकेत कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकणारं कॉलेज स्वतःच्या नावानेच एनसीएए स्पर्धेत उतरतं. पुण्यात तसं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेनंतर विजेत्या कॉलेजचा प्रवास थांबतो. पुढे जातात ते निवडलेले खेळाडू. पुणे शहर, पुणे ग्रामीण, नाशिक, अहिल्यानगर यांच्या आंतरविभागीय लढतींतून विद्यापीठाचा संघ ठरतो. त्यामुळे लवकर हरलेल्या कॉलेजच्या चांगल्या गार्डलाही संधी असते. वर्षभर एकत्र घाम गाळलेले पाच जण मात्र विखुरतात. खरी कसोटी पश्चिम विभागात: पहिल्या चार विद्यापीठांनाच अखिल भारतीय स्पर्धेचं तिकीट. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेची वाटही तिथूनच जाते. आणि नव्या संघाला एकमेकांचे पास ओळखायला मिळतात ते सराव शिबिराचे मोजके दिवस.